गरम वारा

लिफ्ट कुठे अडली होती देव जाणे. नवा भाडेकरू टेबलफॅनचं खोकं सावरत उभा होता, आणि पुढे शेजारी-शेजारणीची जुंपली होती.

"अहो भाऊजी, तुमच्या एसीचा सगळा गरम वारा माझ्या बाळाच्या पाळण्यावर येतो!"

"एसी आतली उष्णता बाहेरच टाकणार ना, वहिनी."

"बाहेर म्हणजे माझ्या घरात? आणि त्याची मागची जाळी कधी धुतलीत का? धुळीने पार बुजलीय. यंत्र दिवसभर धापा टाकतं, वीज खातं, आणि गारवा नावाला!"

"एवढा त्रास होतो, तर तुम्हीही एसी लावा की."

"कधीच लावला असता! पण माझ्याकडे जागा एकच, तुमच्या आईच्या खिडकीसमोर. त्या माउलीने माझं काय घोडं मारलंय?"