चोविसावं नाव

वहिनी : पाय पुढे घ्या, भाऊजी. मागे काय ओढताय? फोड पुसणार आहे, पाय तोडणार नाही.

ऑपरेटर : त्या दुसऱ्या बाईंकडून करून घेतलं असतं. तुम्हाला उगाच त्रास.

वहिनी : त्या बाईंना आज ताप आलाय. पाच दिवस तुम्ही त्यांच्याच रांगेत उभे राहिलात. त्यांची रांग दाराबाहेर गेली आणि माझ्यासमोर माणूस नसला, तरी. पंधरा वर्षं दवाखान्यात मलमपट्ट्या करतेय मी. कोण दुखण्याला भितो आणि कोण माणसाला, एवढं कळतं मला.

फोरमन : सापडले का ऑपरेटरसाहेब? जरा हलक्या हाताने हं, पोरी. अजून साठ किलोमीटर न्यायचेत ते पाय. एकशेचाळीस झाले, तेही अनवाणी, आणि गड्याने टेम्पोत बसायचं नाव काढलं नाही. मी रिटायर माणूस, मी तर टेम्पोवाल्याशी सोयरीकच जोडलीय.

वहिनी : तुम्हीही बसा, फोरमनकाका. तुमच्यादेखतच बोलायचंय. त्या बाकावर नको, पहिलीच्या पोरांचा आहे, मोडेल.

फोरमन : वर्गात बोलावलं की मला अजून वाटतं, मारच मिळणार.

वहिनी : तसंच समजा. स्मारकाच्या दगडावरची यादी गेली का?

फोरमन : उद्या सकाळी जाणार. माणूस मोटरसायकलवरून नेऊन देईल. आपण परवा वीज कंपनीच्या मुख्य कचेरीत पोचेपर्यंत कोरून तयार. तेवीस वायरमन, खांबावर गेलेले तेवीस जण. सात वर्षं चाललो तेव्हा कुठे एक दगड द्यायला तयार झाले.

वहिनी : चोवीस.

फोरमन : पोरी, हे आपलं बोलून झालंय ना? गेल्या साली झालं, त्याच्या आदल्या साली झालं. चौकशीत काय आलं ते तुला पाठ आहे.

वहिनी : पाठ आहे. ‘परमिट परत केल्यानंतर, कोणालाही न कळवता, स्वतःच्या निष्काळजीपणाने पुन्हा खांबावर चढला.’ सासूबाईंनी तो कागद तीनदा वाचून घेतला माझ्याकडून, आणि मग विचारलं, म्हणजे माझा पोरगा वेडा होता का गं? काय सांगणार? म्हटलं, तसंच लिहिलंय.

ऑपरेटर : वहिनी, झोंबतंय.

वहिनी : झोंबणारच. निघायच्या आदल्या दिवशी माझ्या पोरीने ह्यांचा फोन चार्जिंगला लावला.

फोरमन : कुठला फोन?

वहिनी : खांबाखाली सापडलेला. कचेरीने पुडक्यात बांधून दिला होता, काचेला तडा गेलेला. तीन वर्षं कपाटात होता, माझ्याच्याने सोडवला गेला नाही. पोरीला बापाचे फोटो हवे होते. फोटो निघाले चार. आणि एक फोन निघाला, भाऊजींना केलेला. हे गेले त्या दिवशी, चार वाजून पाच मिनिटांनी.

फोरमन : करत असेल. रोजचे मित्र.

वहिनी : रजिस्टरात काय लिहिलंय, भाऊजी? तुमचंच अक्षर आहे.

ऑपरेटर : ...चार दहाला परमिट परत.

वहिनी : कसं परत? नियम सांगा काकांना. तुम्हीच शिकवलाय ना, काका, सगळ्या वायरमनना?

फोरमन : लाइन बंद ठेवून काम करायचं परमिट घेतं कोण, तर काम करणारा. काम संपलं की त्यानेच सबस्टेशनात यायचं, ऑपरेटरसमोर सही करायची, मगच लाइन सोडायची, म्हणजे वीज चालू करायची. दुसऱ्या कुणाच्या हाती नाही, तोंडी नाही.

वहिनी : तो खांब सबस्टेशनापासून किती लांब?

फोरमन : सहा किलोमीटर. जरा चढच आहे.

वहिनी : चार वाजून पाचला हे खांबाखाली फोन लावतायत, आणि चार-दहाला सहा किलोमीटरवर, भाऊजींच्या टेबलाशी सही करतायत. त्या गंजक्या सायकलवर. असा नवरा होता माझा, आणि मला पत्ताच नाही. मंडईतून भाजी आणायला तासभर लावायचे हो.

ऑपरेटर : वहिनी...

वहिनी : पाय हलवू नका. फोन मध्येच तुटला, तर ह्यांनी निरोप लिहिला. ‘अजून वीस मिनिटं, लाइन सोडू नको.’ तो गेलाच नाही, रेंज नव्हती. तसाच अडकलाय, बाजूला लाल खूण घेऊन. आता मला एवढंच सांगा, तुमच्याकडे काय वाजलं?

ऑपरेटर : दोन रिंगा.

वहिनी : दोन रिंगा म्हणजे काय?

फोरमन : पोरी, ते मी सांगतो...

वहिनी : त्यांना सांगू द्या. पाच दिवस ऐकतेय मी, रस्त्यात लोक वाकून पाया पडतात त्यांच्या. मित्रासाठी अनवाणी चालतो म्हणून पेपरात फोटो आला. ज्याच्यासाठी चालले त्याचं नाव बातमीत नाही, ह्यांच्या टाचा मात्र आहेत.

ऑपरेटर : दोन रिंगा म्हणजे काम झालं. लाइन सोड. कुणी सहा किलोमीटर येत नव्हतं, वहिनी. दोन रिंगा द्यायच्या आणि कट करायचा. सही दुसऱ्या दिवशी, आठ-दहा एकदम. त्या दिवशी दोनच वाजल्या. मी तिसरीची वाट पाहिली, देवाशपथ पाहिली. इकडे दुसऱ्या फोनवर गिरणीवाला शिव्या घालत होता. मी लाइन सोडली.

वहिनी : आणि सही?

ऑपरेटर : पाच वाजता कळलं, तो गेल्याचं. साहेब आले, रजिस्टर पाहिलं. म्हणाले, हा रकाना कोरा कसा? आणि दार ओढून बाहेर जाऊन उभे राहिले. बाकी काही बोलले नाहीत. मला सही येत होती त्याची. सगळ्यांचीच यायची.

वहिनी : आणि तुम्ही चालायला लागलात.

ऑपरेटर : मग काय करू? झोप येत नाही. घरात बायको विचारते, तिलाही सांगवत नाही. चाललो की तेवढं जरा...

वहिनी : तेवढं जरा बरं वाटतं. छान. चालण्याने पाय दुखतात, भाऊजी. बोलण्याने नोकरी दुखते. तुम्ही पाय निवडलेत. आणि ते पायही मीच बांधायचे.

फोरमन : रागावू नकोस, पण जरा पुढचं बघ. हा बोलला तर नोकरी जाईलच, वर खटला होईल. दोन मुलं आहेत त्याला. आणि कचेरी म्हणेल, तुम्हीच नियम मोडता आणि आमच्याकडे दगड मागता? तेवीस घरं डोळे लावून बसलीत. त्यांना मी काय तोंड दाखवू?

वहिनी : दोन रिंगांची युक्ती कुणाची, काका?

फोरमन : आता ते कशाला काढतेस, पोरी?

वहिनी : भाऊजी, कुणाची?

ऑपरेटर : काकांची.

फोरमन : चाळीस गावांना दोन वायरमन दिले होते मला. दोन. दहा मागितले, साहेब हसले. परमिटसाठी माणूस सायकल हाणत बसला तर गावं अंधारात. अकरा वर्षं कुणाला ओरखडा आला नाही त्या युक्तीने.

वहिनी : आणि ज्याला आला त्याला तुम्ही निष्काळजी ठरवू दिलंत. चौकशीला तुम्हीही होतात. मी बाहेर बाकावर बसले होते. तुम्ही बाहेर आलात, माझ्या डोक्यावर हात ठेवलात, म्हणालात, नशीब पोरी. मी तुमच्या पाया पडले होते हो.

फोरमन : होय. पडली होतीस.

वहिनी : हा पाय झाला. दुसरा द्या.

(बाहेर पटांगणात सतरंज्या झटकल्याचा आवाज. माणसं गोळा होऊ लागतात.)

फोरमन : रोजची नावं वाचायची वेळ झाली. आज तुझ्याऐवजी मी वाचतो. तू पाय वर घेऊन पड जरा.

ऑपरेटर : यादी माझ्याकडे द्या, काका.

फोरमन : विचार कर. एकदा तोंडातून गेलं की गेलं. तिथे दोनशे माणूस बसलंय.

ऑपरेटर : तीन वर्षं दुसरं काय केलं? द्या यादी.

फोरमन : ...घे. आणि हे बघ, युक्ती माझी होती, तेही सांग. गाळू नकोस. म्हातारा आहे म्हणून गाळशील.

ऑपरेटर : वहिनी, फोन आणलाय का?

वहिनी : पिशवीत आहे. मी जवळच उभी राहीन. कुणी नाही म्हणालं तर दाखवीन. चपला घाला, पट्टी मातीत मळेल.

ऑपरेटर : आधी कुणाचं नाव घेऊ?

वहिनी : तुमचं घ्या. ह्यांना आता घाई नाही.