सूनबाईंची उजवीकडची सीट

आदरणीय अध्यक्ष श्री. नरहरराव बक्षी, तितकेच आदरणीय अध्यक्ष श्री. मारोतराव ठवकर, प्रमुख पाहुण्या डॉ. शर्मिष्ठाताई, मंचावरील पदाधिकारी, आजच्या सत्कारमूर्ती म्हणजे आमच्या सूनबाई गंधाली, आणि आलूबोंडे गरम आहेत तोवर ही बाई थांबेल ना, अशा नजरेने माझ्याकडे पाहणाऱ्या समस्त बंधुभगिनींनो, आपणा सर्वांना इंदू पाठकचा नमस्कार.

शर्मिष्ठाताई, एका मंडळाला दोन अध्यक्ष कसे, हा प्रश्न आपल्याला पडला असेल. गेल्या वर्षी शंकर नगरच्या जुन्या घराण्यांचं मंडळ आणि रेल्वेवाल्यांचं मंडळ एक झालं. सतरंज्या एक झाल्या, गणपती एक झाला. पण पहिली आरती कोणी करायची? बैठकांवर बैठका झाल्या आणि शेवटी दोन्ही अध्यक्षांनी एकच ताट दोन बाजूंनी धरायचं ठरलं. दोघांच्या उंचीत फरक आहे, हे ठरवताना कुणाच्या लक्षात आलं नाही. ताट कललं, कापूर गुरुजींच्या उपरण्यावर गेला. उपरणं वाचलं. गुरुजी अजून रागावलेले आहेत, म्हणून आज दिसत नाहीत.

विमान कंपन्यांचंही असंच असतं, हे मला या सहा-आठ महिन्यांत कळलं. आमची गंधाली महानदी एअर नावाच्या छोट्या कंपनीत कॅप्टन होती. पंख्याची विमानं, रायपूरहून सकाळी निघायचं आणि रात्रीच्या वरणभाताला घरी. मग ती कंपनी दख्खन एअरवेज या मोठ्या कंपनीत विलीन झाली. दुधात साखर विरघळावी तसं हे एकत्रीकरण होईल, असं त्यांच्या साहेबांनी जाहीर केलं. साखर म्हणजे आपण, हे आम्हाला जरा उशिरा कळलं.

झालं काय, की मोठ्या कंपनीचे वैमानिक आधी आणि छोट्या कंपनीचे सगळे त्यांच्या मागे, असा क्रम लागला. पंख्याची विमानं विकली. गंधालीने जेट विमान नव्याने शिकायचं, हैदराबादला राहायचं आणि पाळी येईपर्यंत फर्स्ट ऑफिसर म्हणून काम करायचं. कॅप्टन डावीकडे बसतो, फर्स्ट ऑफिसर उजवीकडे. खांद्यावरच्या चार सोनेरी पट्ट्यांतली एक काढून ठेवायची. आता सांगा, सतरंजी उचलायला लावली तरी आपल्यातले काही जण मंडळ सोडतात. मी नावं घेत नाही, ते समोरच बसले आहेत.

बातमी आली तेव्हा मी पोळ्या लाटत होते. माझा स्वभाव आपल्याला ठाऊक आहे. मी लाटण्यासकट बाहेर आले आणि म्हटलं, "काहून जाऊन राहिली तू? राजीनामा फेक त्यांच्या तोंडावर." आमचा विशाल म्हणाला, की आई, राजीनामा ईमेलवर पाठवतात. आमच्या यांनी पेपर आणखी वर धरला. गंधाली एवढंच म्हणाली, की आई, मी विचार करून राहिली.

विचार करण्यासारखं होतंही. इथल्याच एका वैमानिक प्रशिक्षण संस्थेने तिला बोलावलं होतं. तेलीबांध्याला ऑफिस, गुबगुबीत खुर्ची, दारावर कॅप्टन म्हणून पाटी. फक्त विमान उडवायचं नाही, शिकवायचं. मला ती नोकरी फार आवडली. मान राहील म्हणून आवडली आणि सूनबाई घरात राहतील म्हणून त्याहून जास्त आवडली. मी तर पाटीला हारसुद्धा ठरवला होता. गंधालीने जेटचं शिक्षण घेतलं, पण संस्थेला नाही म्हटलं नाही. थोडे दिवस उजवीकडे बसून पाहते, जमलं नाही तर परत येते, म्हणाली. परत येईल याची मला पक्की खात्री होती.

अशातच एकदा तिची रायपूर-हैदराबाद फेरी होती आणि मी त्याच विमानात बसले. कॅप्टन कोण असावा? नील! हा पोट्टा महानदीत तिच्याच हाताखाली शिकला. चार वर्षांपूर्वी सोडून मोठ्या कंपनीत गेला, म्हणून आज पुढे. ही इमानदारीने थांबली, म्हणून मागे. मला काय वाटलं असेल, सासवांनीच समजून घ्यावं.

विमानाचं दार लागलं आणि माईकवरून आमच्या सूनबाईंचा आवाज आला, "महानदी एअरच्या विमानात आपलं स्वागत, मी आपली कॅप्टन गंधाली." इतक्या वर्षांची सवय, ती एका पट्टीने थोडीच जाते? माझ्या पुढच्या रांगेतले अभनपूरचे एक तांदळाचे व्यापारी ताडकन उठले. त्यांना वाटलं, चुकीच्या विमानात बसलो. त्यांचं पाहून मागचे पाच-सहा जण बॅगा काढू लागले. हवाईसुंदरी बिचारी कुणाकुणाला बसवणार? मग मीच उभी राहिले. म्हटलं, "भैया, बैठिए. बहू है मेरी. कंपनी बदली है, आदत नहीं बदली." ते म्हणाले, "दीदी, चलाना तो नहीं भूली?"

तेवढ्यात माईकवर दुरुस्ती आली. क्षमस्व, हे दख्खन एअरवेजचं विमान आहे, आपले कॅप्टन नील आणि मी फर्स्ट ऑफिसर गंधाली. सगळे खाली बसले. साऱ्या विमानासमोर लेकराला स्वतःच्या तोंडाने आपली पायरी खाली उतरवावी लागली. उतरल्याबरोबर हात धरून परत न्यायचं, हे मी तिथेच ठरवलं.

हैदराबादला सगळे उतरल्यावर मी कॉकपिटच्या दाराशी गेले. नील बाहेर आला, वाकून नमस्कार केला आणि आपणहूनच सांगू लागला. वर असताना त्याच्याने हुकूम देववेना. दर वेळी, मॅडम, असं करू का? मॅडम, तसं करू का? उतरायची वेळ आली तरी तो विचारतोय, "मॅडम, चाकं काढायची का?" तेव्हा गंधाली म्हणाली, "कॅप्टन, विचारू नका. सांगा. मी काढते."

"काकू," तो म्हणाला, "तेव्हा कुठे मला कंठ फुटला."

एवढ्यात ते अभनपूरचे भैया परतले, पिशवी सीटखाली विसरले होते. त्यांनी कौतुकाने विचारलं, दोघांतलं कॅप्टन कोण? नीलने गंधालीकडे बोट केलं. गंधालीने नीलकडे. "हे कॅप्टन आहेत," ती म्हणाली, "मी यांची फर्स्ट ऑफिसर." मी तिच्या चेहऱ्यावर अपमान शोधत होते. सासू आहे, मला लगेच दिसला असता. नव्हता. विमान उतरवून आली की घरी जशी दिसायची तशीच दिसत होती, खूश आणि भुकेली. त्या तेलीबांध्याच्या खुर्चीचं बोलणं निघालं, की हा चेहरा मला एकदाही दिसला नव्हता.

मग मी हात धरला नाही. डबा दिला आणि संस्थेला नाही म्हणून कळव, असं मीच सांगितलं. आता ती हैदराबादला राहायला चालली, घर सुनं होणार, मला फार वाईट वाटतंय, हे मी इथे सगळ्यांसमोर कबूल करते. विशालचंही वाईट वाटतंय, पण कमी.

दोन्ही मंडळांनी मिळून हा सोहळा घडवला, शर्मिष्ठाताई वेळ काढून आल्या, आलूबोंड्यांनी धीर धरला, सर्वांची मी ऋणी आहे. बोलण्यात काही उणंअधिक झालं असेल, कुणाला लागलं असेल, तर म्हातारीचं म्हणून पोटात घाला. एक चूक मात्र आता मी समजूनउमजून करणार आहे. भाषणात गंधालीला कॅप्टन म्हणायचं नाही, कंपनीच्या नियमात बसत नाही, असं सूनबाईंनी सकाळी मला बजावलं आहे. कंपनीचे नियम वैमानिकांना. मी त्यांच्या नोकरीत नाही.

कॅप्टन गंधाली, सुखरूप जा.