काळं लिव्हर

विनिता: आता तरी खरं बोला. मॅडमच्या समोर तुमच्या लिव्हरचा फोटो उघडलाय. रोज किती पिता ते एकदा सांगून टाका, म्हणजे आपण घरी जाऊ.

बाळाराम: मॅडम, हिला बाहेर बसवता का? नवऱ्याची अब्रू काढाची म्हणजे हिला जागा लागत न्हाय. दवाखाना बी चालतो.

संपदा: बसू द्या त्यांना. मी डॉक्टर संपदा. एमआरआयचे फोटो मी वाचते. एरवी रिपोर्ट पाकिटात घालून काउंटरवर देतो, पेशंटला आत बोलावत नाही. तुम्हाला बोलावलंय, म्हात्रे, कारण मला काही विचारायचंय.

बाळाराम: इचारा की. पन त्या भोंग्यात पाऊन तास घातला मना, त्याचा आधी सांगा. नुसता ठाक ठाक ठाक. वर माइकवरून हुकूम सोडतान, श्वास रोखा, श्वास सोडा. माज्या श्वासावर बी तुमची मालकी?

संपदा: आणि त्याच माइकवरून तुम्ही आमच्या टेक्निशियनच्या आईबापांचा उद्धार केलात. ऐकला मी.

विनिता: घरी पण हेच. सोनोग्राफीवाल्यानं पोटावर ते यंत्र टेकवलं आणि लगेच म्हणाला, दारूचं लिव्हर आहे. तरी हे माझ्यावरच ओरडले. दोन वर्षं बघतेय मॅडम. वजन उतरलंय, शुगर चढलीय, रंग तव्यासारखा झालाय. आणि रोज संध्याकाळी बिल्डिंगच्या गेटवर चार टाळकी जमवून बसतात. तिथे काय भजन चालतं?

बाळाराम: पत्ते चालतान.

विनिता: पत्ते खेळून लिव्हर खराब होतं?

संपदा: म्हात्रे, तुम्ही पिता का?

बाळाराम: न्हाय. एक थेंब न्हाय. माजा बापूस बेवडा होता मॅडम. पेणकरपाड्यात कोनाला बी इचारा, आत्माराम बेवडा बोलून वलखतील. त्याची ती दशा बघून इसाव्या वर्षी शपथ घेतली, या घानीला हात लावनार न्हाय. आता ही बोलते मी पितो. हसाचा का रडाचा?

विनिता: शपथ तुमचा बापही घेत होता म्हणे. रोज.

संपदा: हे बघा, तुमच्या शपथेची मला गरज नाही. मी विचारलं ते नुसतं नोंदीसाठी. उत्तर इथे स्क्रीनवर आहे. एका श्वासात मशीन लिव्हरचे दोन फोटो घेतं. पापणी लवायच्या आत दोन्ही होतात. चरबी साठलेलं लिव्हर पहिल्या फोटोत काळं दिसतं आणि दुसऱ्यात उजळतं. तुमचं उलट आहे. पहिल्यात बरं, दुसऱ्यात कोळसा.

बाळाराम: म्हंजे?

संपदा: म्हणजे चरबी नाही. लोह आहे. लोखंड.

विनिता: लिव्हरमध्ये लोखंड?

संपदा: रक्तात असतं तेच. ते जिथे साठतं तिथला फोटो झपाट्यानं काळा पडतो. किती झपाट्यानं, ते मोजलं की लोह किती हे कळतं. मी दोनदा मोजलं. असायला हवं त्याच्या दहापट आहे.

विनिता: पण दारूनं होत असेल ना ते?

संपदा: दारूनं थोडं वाढतं. एवढं नाही. वरचेवर रक्त चढवलं तरी साठतं, पण मग पानथरी, म्हणजे प्लीहा, तीही काळी होते. यांची पानथरी स्वच्छ आहे. इथे, डावीकडे बघा. स्वादुपिंड मात्र काळं पडलंय, शुगर त्यामुळे असणार. आपलं आतडं जेवणातलं लोह घेतं आणि पुरे झालं की दार लावून घेतं. यांच्या आतड्याचं दार लागतच नसणार. जन्मापासून. आपल्याकडे कमी दिसतो हा आजार, म्हणून कोणाच्या डोक्यात येत नाही. सोनोग्राफीवर लोह आणि चरबी वेगळी काढता येत नाही. पण ज्यानं नुसतं पोट बघून दारू ठरवली, त्याला यंत्र तरी कशाला लागतं?

बाळाराम: ऐकला? ऐकला काय बोलल्या त्या?

विनिता: मॅडम, मग… लोहाच्या गोळ्या?

संपदा: कुठल्या गोळ्या?

विनिता: दारूनं रक्त आटतं असं मी… म्हणजे थकतात म्हणून दोन वर्षं रोज एक देतेय. वर लिंबूपाणी, गोळी अंगी लागावी म्हणून. भाजी लोखंडी कढईत. बीट, खजूर.

संपदा: वा. काहीच कमी ठेवलं नाहीत. आजपासून सगळं बंद.

बाळाराम: माराला निघाली होतीस मना! कढईसकट!

विनिता: मी एकटीनं ठरवलं का? तुमच्या सख्ख्या काकानं सांगितलं मला. म्हणाला, बापाचं रक्त आहे, लपून पीत असणार. मी बाहेरून आलेली बाई, मी कोणाचं ऐकायचं?

संपदा: रक्ताचं मीही विचारणार होते. हा आजार घराण्यात असतो. तुमचे आईवडील एकमेकांच्या नात्यातले होते?

बाळाराम: आयस म्हंजे बापाच्या मामाची पोर. आमच्यात तशीच सोयरीक व्हते. त्याचा काय?

संपदा: तसं असलं की हा आजार उतरायची शक्यता वाढते. घरात आणखी कोणाला असं होतं का? शुगर, अंगाचा रंग काळवंडलेला, आणि हातांची ही दोन बोटं दुखून आखडलेली. अंगठ्याशेजारची दोन. मूठ नीट वळत नाही असं. शेवटी पोटात पाणी.

(बाळाराम स्वतःची मूठ वळून बघतो.)

बाळाराम: बापाची मूठ वलत नव्हती. मिठागरावर फावडा धरता येत न्हवता त्याला. लोक बोलाचे, हात कापतान म्हनून धरत न्हाय.

संपदा: कापत होते?

बाळाराम: न्हाय. आखडलेले होते. काले तर सगलेच, उन्हातली मानसा आमी. तो जरा जास्ती काला. कोन बघतो? पन पोट फुगला आनि गाव बोलला, दारू. सरकारी दवाखान्यात बी तसाच लिव्हला. तोंडाकडे न बघता लिव्हला.

संपदा: पिताना पाहिलं होतं तुम्ही?

बाळाराम: बेवडा होता तो.

संपदा: तुम्ही पाहिलं होतं का, एवढंच विचारतेय.

बाळाराम: काका बोलाचा. समदी बोलाची.

विनिता: अहो, त्या तुम्हाला विचारतायत.

बाळाराम: न्हाय बघितला. वास बी न्हाय आला कदी. मी बोललो, हुशार हाय, लपवतो. थुंकलो होतो मी त्याच्या समोर. भयनीचा लगीन ठरलेला. मी बोललो, बेवडा घरात मेला तर सोयरे माघारी जातील. मिठागरावरच्या खोपटात नेऊन ठेवला त्याला. मीच नेला, पाठीवर घालून. एक महिना तिथं होता. तिथंच गेला.

विनिता: हे मला कधी सांगितलं नाहीत तुम्ही.

बाळाराम: सांगन्यासारखा काय होता त्यात? बेवड्याला बेवड्यासारखा ठेवला, असाच वाटत होता. मना अभिमान होता त्याचा.

विनिता: आणि वर दर सर्वपित्रीला त्यांच्या पानाशेजारी क्वार्टर ठेवता. मॅडम, यांच्यात रीत आहे, मेलेल्याला जे आवडायचं ते वाढायचं. काका स्वतः बाटली आणतो आणि मोठ्यानं म्हणतो, घे आत्माराम, पोटभर घे. सगळे हसतात. हेही हसतात. तीसच्या वर वर्षं झाली. सासूबाई तेवढ्या उठून मागच्या दारी जातात. मला वाटायचं, लाजतात.

बाळाराम: आयस सांगत होती. तो पीत न्हाय, पीत न्हाय. मी बोललो, तू नवऱ्याला पाठीशी घालते. काकानं तर चार मानसात सांगितला, हीच आनून देत असंल.

संपदा: म्हात्रे, एक सांगते. तुमच्या वडिलांचं लिव्हर मी पाहिलेलं नाही. लक्षणं जुळतात, नातं जुळतं. असेल असं म्हणता येईल. होतंच असं मी म्हणणार नाही.

बाळाराम: तुमी तरी बघितल्याशिवाय बोलत न्हाय.

संपदा: तुमचं बोलते. लिव्हर अजून आक्रसलेलं नाही, वेळ आहे. लोहाची आणि जनुकांची रक्ततपासणी तुमचे डॉक्टर करतील, मी चिठ्ठी देते. उपाय साधा आहे. दर आठवड्याला बाटलीभर रक्त काढायचं, लोह उतरेपर्यंत. तुमच्या बहिणीची तपासणी करा. मुलं किती?

विनिता: एकच. यतीन.

संपदा: त्याचीही करा. आणि दारू खरंच घेऊ नका, या लिव्हरला ती विष आहे.

विनिता: घेत नाहीत ते.

बाळाराम: दोन वर्षांनी बोललीस.

विनिता: बोलले ना. आता गावभर दवंडी पिटू का?

संपदा: एक राहिलं. काउंटरवर तुमच्याकडून फॉर्म भरून घेतलाय, त्यात वडिलांच्या मृत्यूचं कारण तुम्ही दारू असं सांगितलंय. हा कागद पुढच्या डॉक्टरकडे जाणार. तसंच राहू देऊ?

बाळाराम: खोडा ते.

संपदा: खोडते. मग काय लिहू?

बाळाराम: आज काय नका लिहू. घरी जाऊन आयसला इचारतो, त्याला काय होत होता. तिला कोनी कदी इचारलाच न्हाय.