दोन गेटांवरचा गरबा

माझं नाव विमल, माहेर चाळीसगावकडचं, पण मी तिकडची जन्मापुरतीच, वडील रेल्वेत फिटर, त्यांची बदली बडोद्याला झाली तेव्हा मी आईच्या कडेवर होते, त्यामुळे घरात मराठी, दाराबाहेर ओट्यावर गेलं की गुजराती, आणि भांडण दोन्हीत येतं, काय सांगू तुम्हाला! लग्नही इथलंच. आमचे हे कोयलीला रिफायनरीत, कायम नोकरी, आणि मी औषधांच्या कारखान्यात पॅकिंगला. दिवसभर उभं राहून गोळ्यांची पाकिटं खोक्यात भरायची. पण मजा होती हो, आम्ही बायका हसून हसून सुपरवायझरला वेड लावायचो.

तर आमचे जुने शेठ गाडीतून उतरताना दिसायचे तरी, केम छो बेन म्हणायचे. एक दिवस कळलं, कारखाना परदेशातल्या कंपनीने घेतला. शेठ गेले, आणि मागोमाग बोलणं सुरू झालं की इथलं पॅकिंग बंद करणार, सगळा माल कंपनीच्या जवळच्याच करजण गावातल्या युनिटात नेणार, तिथे ठेकेदाराच्या मुली कमी पगारात भरतात.

आमच्या युनियनला बाहेरून मदत करायला पारुलबेन होत्या, शाळेत शिकवायच्या, आणि रविवारी दुपारी माझ्याच घरी लेनिनवादाचा अभ्यासवर्ग घ्यायच्या. हे म्हणायचे, अगं भजनी मंडळ काढ, हे काय काढलंस! पण पोहे हेच करायचे, तेही सगळ्यांना पुरतील एवढे. पारुलबेन सांगायच्या, मोठ्या कंपन्या लहान कंपन्यांना गिळतात, बँकांचं आणि कारखान्यांचं भांडवल एक होतं, आणि स्वतःच्या देशात नफा पुरेना की ते स्वस्त मजुरी शोधत दुसऱ्या देशांत शिरतं, हाच साम्राज्यवाद, त्याला दर वेळी फौज आणावी लागत नाही. आमच्या लाइनवरची सविता म्हणाली, बेन, मग आता मालकाला शिव्या द्यायच्या तर तोंड कुठल्या दिशेला करायचं? सगळ्या हसल्या, पारुलबेनपण हसल्या, म्हणाल्या, म्हणून तर संघटना लागते, नुसतं तोंड पुरत नाही.

मी म्हटलं, उद्याच गेटवर बसू. पारुलबेन म्हणाल्या, तुम्ही बसलात की माल करजणला जाईल आणि कंपनीचं काही अडणार नाही, आधी त्या मुलींना जोडा. मी म्हटलं, त्या कशाला येतील, त्यांना तर आपलं काम मिळणार आहे! भांडले, खूप भांडले. शेवटी हात वर केले तर माझ्या बाजूला मी आणि सविता. आणि आमचा नियम असा, ठरेपर्यंत हवं तेवढं भांडा, एकदा ठरलं की सगळ्यांनी तेच करायचं, मागून कुरकुर नाही. वर करजणला जायचं काम माझ्याच गळ्यात, का, तर विमलची जीभ चालते. मी फुगले, पण गेले.

तिथे हंसा म्हणून मुलगी होती, बाकीच्या तिचं ऐकायच्या. तिने बसायलाही सांगितलं नाही. म्हणाली, बेन, तुमची नोकरी जायला लागली तेव्हा आमची आठवण झाली? इथे बायकांना संडास नाही, आजारी पडलं की काढून टाकतात, तेव्हा तुमची युनियन क्यां हती, कुठे होती? येताना एसटीत मला पारुलबेनचं बोलणं आठवलं, की लुटीच्या नफ्यातून कामगारांतल्याच एका थराला थोडं जास्त मिळतं आणि तो थर आपल्याच माणसांपासून तुटतो. वर्गात ते आम्ही ह्यांच्या रिफायनरीच्या कायम पगाराला चिकटवलं होतं, हे चिडून म्हणाले होते, म्हणजे मी दुधावरची साय का! आता म्हटलं, करजणच्या मुलींना साय आपणच दिसतोय.

रविवारी मी उभी राहिले, म्हटलं, आपल्या मागण्यांत पहिल्या त्यांच्या लिहा, संडास, आजारपणाची रजा, ठेका बंद. दोघी-तिघी उसळल्या, आधी आपलं बघा! परत भांडण, परत हात वर, पण या वेळी मी जिंकले. हंसाला सांगायला गेले तर ती आत गेली आणि माझ्यासाठी छास, म्हणजे ताक, घेऊन आली. मी समजले, ही आता आपल्याबरोबर आहे.

मग एका सकाळी दोन्हीकडे एकदम काम बंद. मॅनेजर साहेब बाहेर येऊन म्हणाले, बसा खुशाल, माल करजणला पाठवतो. तिकडे त्या फुटल्या तर आमचं संपलंच. साहेबांनी आमच्यासमोर करजणला फोन लावला, आणि त्यांचा चेहरा असा उतरला म्हणता! फोनमधून टाळ्या ऐकू येत होत्या. तिकडे मुली गेटवर गरबा खेळत होत्या. झालं, सविताने पदर खोचला, आम्हीही गोल धरला, नवरात्र केव्हाच सरलं होतं तरी.

बरेच दिवस ताणलं, पण पॅकिंग राहिलं, करजणला संडास झाले, रजा मिळाली. ठेका मात्र सुटला नाही, खोटं कशाला सांगू? हंसा अजून त्यासाठी झगडते, आता तीच तिकडे वर्ग घेते.

आम्ही आता बडोद्यातच वासण्याला मुलाकडे असतो. गुडघे दुखतात, तरी सोसायटीत स्वयंपाकाला, धुणीभांड्याला येणाऱ्या बायका रविवारी आमच्याकडे जमतात, माझी सूनही लॅपटॉप मिटून येऊन बसते आणि माझ्याशी वाद घालते, मला फार बरं वाटतं. क्रांती काही मी डोळ्यांनी बघणार नाही, पण त्याचं वाईट वाटत नाही हो, माझं आयुष्य माणसांत गेलं. तुम्ही एवढं ऐकून घेतलंत, सुखी राहा बाई, आणि कधी एकट्या पडू नका.