झेंड्याखालची नावं

अण्णा नगरच्या सायबर कॅफेत नंबरची वाट पाहणाऱ्या हेरंबला आजूबाजूच्या तमिळ गलक्यात शेजारून चक्क मराठी ऐकू आलं. एक आई आणि तिची मुलगी एकाच संगणकापुढे दाटीवाटीनं बसल्या होत्या.

“आई, या साइटवर पंधरा ऑगस्टची फुकट कार्डं आहेत. उघडलं की झेंडा वर चढतो, मग खाली आपली नावं येतात.”

“बाबांना लडाखला उघडता येईल ना गं?”

“छावणीत नेट आलंय, त्यांनीच कळवलंय. मी लिहिते, ऊर्मी आणि आई.”

“पुढे बाळ लिही.”

“कुणाचं बाळ?”

“आपलं. डिसेंबरात येतंय.”

“आई, बाबांना माहितेय?”

“झेंडा वर चढला की कळेल.”

काउंटरवरून हेरंबला “वांग सार”, म्हणजे ‘या साहेब’, अशी हाक आली. हेरंब जागचा हलला नाही.

“गेलं कार्ड, आई.”