तिसऱ्या ओळीतला खिळा

बंद पडलेल्या खाणीचं आता संग्रहालय झालंय. तिकिटाच्या रांगेत माझ्यापुढे एक म्हातारी आणि तिचा दीर उभे होते. भिंतीवर कामगारांचे पितळी बिल्ले ओळीने टांगले होते.

"वहिनी, हजेरीच्या खोलीत आता चहा-कॉफी मिळते."

"बसायला खुर्च्या आहेत का हो, भाऊजी?"

"आहेत की."

"तेव्हा नव्हत्या. रात्रभर उभंच राहावं लागलं. ती पाटी वाचा बघू, मी चष्मा विसरले."

"'खाली जाताना कामगार आपला बिल्ला सोबत नेई आणि वर आला की परत खिळ्याला लावी.' बरोबर लिहिलंय."

"मग ह्यांचा कसा लागलाय?"

"कुठे?"

"तिसऱ्या ओळीत, कडेला."

"चष्म्याशिवाय दिसतोय तुम्हाला?"

"तो खिळा बघायला चष्मा कशाला लागतोय?"

तिकीटवाला खिडकीतून वाकला.

"आजी, तो नवा करून घेतलाय. तेवढा एकच खिळा रिकामा होता, फोटोत बरं दिसत नव्हतं."

"छान झालाय. पण ते वर आले नाहीत रे."

"म्हणजे?"

"अरे, खाण कोसळली तेव्हा माझा भाऊ खालीच राहिला. सापडलाच नाही."

"मला कुणी सांगितलंच नाही, काका. काढू का बिल्ला?"

"काढ बाबा. नाहीतर मला घरी जाऊन त्यांचं ताट वाढावं लागेल."