तेवीस पुस्तकं जास्त

(नाशिकमधलं सातपूर, २००२. कामगार वसाहतीचं वाचनालय. जनरल शिफ्ट सुटल्यानंतरची वेळ. ग्रंथपाल भामरे, वाचनालयाचे कार्यवाह सावळीराम अण्णा – कंपनीतून निवृत्त झालेले फिटर – आणि भामरे जातात त्या ग्रंथालय व्यवस्थापकांच्या प्रशिक्षणवर्गाच्या शिक्षिका हर्षाली मॅडम.)

हर्षाली : परत मोजलीत?

भामरे : तीनदा मोजली मॅडम. तिसऱ्यांदा उलटीकडून मोजली, म्हटलं तिकडून तरी कमी भरतील.

हर्षाली : आणि?

भामरे : तेवीस जास्त. कुठूनही मोजा.

हर्षाली : भामरे सर, आपल्या वर्गाचा प्रकल्प काय होता, सांगा बरं एकदा. म्हणजे आपण दोघं एकाच प्रकल्पाबद्दल बोलतोय ना, ते तरी कळेल.

भामरे : मुक्तद्वार पद्धत. खिडकीची जाळी काढायची, वाचकाला थेट कपाटापर्यंत जाऊ द्यायचं, महिन्यानंतर पुस्तकं मोजायची आणि किती चोरीला गेली ते कारणासहित लिहायचं.

हर्षाली : मी ‘चोरीला’ नव्हते म्हणाले. ‘घट’ म्हणाले होते.

भामरे : तुमच्या कॉलेज रोडला घट म्हणत असतील.

अण्णा : भामरे, ताईंना आधी बसायला खुर्ची द्या. मंग काय ते कोर्ट चालू करा.

हर्षाली : बसते मी. सर, वर्गातल्या बाकी सगळ्यांचे अहवाल आलेत. प्रत्येकाची घट दोन टक्के. एका वाचनालयाच्या कपाटांना आधीपासूनच दारं नव्हती, त्यांचीही दोन टक्के. एकमेकांचं बघून लिहिलंय, ते मला कळतं. तुमचं मला कळत नाही. तुम्ही कुणाचं बघून लिहिलंत?

भामरे : मी कुणाचं बघून लिहीत नाही. उलट खरं सांगू? मला घट हवी होती.

हर्षाली : हवी होती?

भामरे : चांगली घसघशीत. म्हणजे लिहून टाकलं असतं – प्रयोग केला, पुस्तकं गेली, जाळी परत बसवली. सुतारालाही सांगून ठेवलं होतं. आता त्याला काय सांगू?

अण्णा : ताई, तुमाला एक सांगून ठेवतो. आमच्या समितीचा ठराव झालाय – सर्टिफिकेट नाय तर खुर्ची नाय. हा माणूस तुमच्या वर्गात नापास झाला, तर जानेवारीपासनं इथं नवा गडी बसंल आन् हे त्याच्या हाताखाली धूळ झटकतील. तवा जरा सांभाळून.

हर्षाली : तेच तर म्हणतेय अण्णा. बाहेरचे परीक्षक हा आकडा बघून पहिला प्रश्न विचारणार, की पुस्तकं वाढली कशी? ह्यांनी विकत आणून ठेवली का?

भामरे : माझ्या पगारात? मॅडम, राग मानू नका, पण संशयच घ्यायचा तर मीही घेऊ शकतो. ह्या महिन्यात तुम्ही पाहणीला दोनदा आलात. दोन्ही वेळा तुमच्या खांद्याला ही एवढी मोठी पर्स.

हर्षाली : मी? मी पुस्तकं आणून ठेवली?

भामरे : मुक्तद्वार पद्धत तुमची आवडती. ती फसू नये असं तुम्हाला वाटणं साहजिक आहे.

हर्षाली : ह्या पर्समध्ये माझा डबा असतो सर! आणि शिवाय छत्री.

भामरे : मी फक्त शक्यता नोंदवली.

अण्णा : मला वेगळंच वाटतं. यंदाच महापालिकेच्या निवडणुका झाल्या. पडलेल्या उमेदवारांपैकी कोणीतरी पुढच्या वेळची तयारी करत असंल.

भामरे : अण्णा, उमेदवार साड्या वाटतात, भांडी वाटतात. पुस्तकं वाटून आजवर कुणाचं डिपॉझिट वाचलंय?

अण्णा : ते बी खरंय.

हर्षाली : ती तेवीस पुस्तकं दाखवाल का मला?

भामरे : हीच. वेगळी काढून ठेवलीत. हात लावायला हरकत नाही, मी आधी लावून बघितलाय.

हर्षाली : पण ह्याच्यावर तर ह्याच वाचनालयाचा शिक्का आहे. हे बघा, ह्याच्यावरही. सर, ही तुमचीच पुस्तकं आहेत!

भामरे : आमचीच. सगळी गहाळ म्हणून काढून टाकलेली. कुठलं दहा वर्षांपूर्वी गेलेलं, कुठलं त्याच्याही आधी. रजिस्टरात त्यांचं श्राद्ध घालून झालं मॅडम. आता ती जेवायला आली म्हटल्यावर माणूस घाबरणार नाही का?

हर्षाली : आणि हे कव्हर कशाचं घातलंय? निळा कागद, रेघा मारलेल्या...

अण्णा : बघू. अहो, हे ड्रॉइंग हाय. मशीनच्या पार्टचं. कंपनीतला कागद हाय हा. कुणीतरी मोटार वाइंडिंगच्या पुस्तकाला ड्रॉइंगचं कव्हर घालून दिलंय. आतल्या पानांवर बघा, ऑइलची बोटं. म्हंजे वाचून वाचून काम शिकलेला गडी हाय.

हर्षाली : ह्या पुस्तकाची पानं तपकिरी का झालीत? कडेला जळल्यासारखी?

भामरे : इस्त्री फिरवलीय. दुमडलेली पानं सरळ करायला. ते ‘बाळाची निगा’ आहे. माणसानं नेलं तेव्हा बाळ पाळण्यात असेल, आता दहावीला असेल. तोवर पानं दुमडणारच.

हर्षाली : सर, जो चोर असतो तो इस्त्री करून देतो?

भामरे : म्हणूनच मला संशय येतोय! सरळ वागणं मी समजू शकतो, वाकडं वागणं तर मी फारच चांगलं समजू शकतो. पण वाकडं वागून झाल्यावर इस्त्री करून आणायचं, आणि तेही माझ्या हातात न देता गुपचूप कपाटात खोचून जायचं, हे काय प्रकरण आहे?

हर्षाली : तुमच्या हातात का नसेल दिलं?

भामरे : ते त्यांनाच माहीत.

अण्णा : ताई, तुमी आत येताना दाराशेजारचा काळा फळा बघितला का?

हर्षाली : पाहिला. मला वाटलं, देणगीदारांची नावं आहेत.

अण्णा : देणगीदार! ऐकलं का भामरे? अहो ताई, तो बुडव्यांचा फळा हाय. पुस्तक परत केलं नाय, की आमचे साहेब खडूनं नाव लिहितात. बापाचं नाव, खोली नंबर, सगळं. समोर बसस्टॉप. ज्याला वाचता येतं त्यानं वाचायचं, ज्याला येत नाय त्याला शेजारचा वाचून दाखवतो.

भामरे : त्याला ‘थकीत वाचक फलक’ म्हणतात. आणि त्यानं धाक राहतो.

अण्णा : राहतो ना. आमचा झुंबर आठवतो का? माझ्याच डिपार्टमेंटला होता. नाव लागल्यापासनं तो बसस्टॉपवर उभा राहीना. मागच्या नाल्याकडनं चालत जायचा कंपनीत. पावसाळ्यात बी. आन् गोजराबाईंच्या पोरीला बघायला पाव्हणे आले, ते बसमधनं उतरले, उतरल्या उतरल्या मुलीच्या बापाचं नाव वाचलं. पोहे खाल्ले आन् गेले. परत नाय आले.

भामरे : ते पुस्तकामुळे नाही, हुंड्यामुळे मोडलं. मी चौकशी केली होती.

अण्णा : तुमी चौकशी केली, हे बी गोजराबाईंनी ऐकलं होतं.

हर्षाली : सर, त्या फळ्यामुळे आजवर किती पुस्तकं परत आली?

भामरे : धाक राहतो म्हटलं ना मी.

हर्षाली : परत किती आली?

भामरे : ...तशी नोंद आम्ही ठेवलेली नाही.

अण्णा : जे झालं ते झालं. आता अहवालाचं बघा. माझ्याकडं साधा उपाय हाय. ही तेवीस मी घरी नेतो. वर आणखी चाळीसेक नेतो. झाली की नाय तुमची दोन टक्के घट? सगळ्यांसारखी. मार्क घ्या, सर्टिफिकेट घ्या, मंग मी आणून देतो.

भामरे : अण्णा, तुम्ही कार्यवाह आहात!

अण्णा : म्हणून तर सांगतोय. शिपाई असतो तर न सांगता नेली असती.

भामरे : वाचनालयाची पुस्तकं कमी दाखवण्यासाठी वाचनालयाचीच पुस्तकं चोरायची? त्यापेक्षा नापास झालेलं बरं.

हर्षाली : मी हे काही ऐकलं नाही. सर, आपण शांतपणे बघू. कारणाचा रकाना रिकामा ठेवता येणार नाही. ही पुस्तकं कधी आली, काही अंदाज?

भामरे : अंदाज नाही, पक्कं माहीत आहे. मी रोज सकाळी कपाटांच्या कडेवर खडूची रेघ मारत होतो. पुस्तक हललं, की दुसऱ्या दिवशी कळायचं.

हर्षाली : हे प्रकल्पात नव्हतं.

भामरे : प्रकल्पात विश्वास होता. रेघ माझी. तर मंगळवारी यायची, नाहीतर शुक्रवारी. मधल्या वारी एकही नाही. म्हणून माझा पहिला संशय कुसाबाईंवर गेला. त्या दोन दिवशी देवघेवीला त्याच बसतात. विचारलं, तर म्हणाल्या, मी स्वेटर विणत असते, मी वर बघत नाही.

हर्षाली : मंगळवार आणि शुक्रवार?

भामरे : हो. मग दुसरा संशय, की मधल्या वारी येऊन कपाटं हेरून जात असतील आणि मला दिसत नसतील. म्हणून गेल्या बुधवारी आणि गुरुवारी मी शेवटच्या कपाटामागे स्टूल टाकून बसलो. दिवा बंद करून. कुणीही आलं नाही. एक म्हातारे गृहस्थ आले, मी शिंकलो, ते निघून गेले.

हर्षाली : सर, आपला वर्ग कोणत्या वारी असतो?

भामरे : मंगळवारी आणि...

अण्णा : बोला की.

भामरे : शुक्रवारी.

हर्षाली : तुम्ही इथून किती वाजता निघता?

भामरे : तीनच्या बसनं. फळ्यासमोरूनच.

अण्णा : म्हंजे अख्ख्या वसाहतीला दिसत असणार. गेला, गेला म्हणत असतील.

हर्षाली : अण्णा, थांबा जरा.

भामरे : नाही, बोलू द्या त्यांना. म्हणजे जाळी काढल्यामुळे नाही. जाळी महिनाभर रोजच नव्हती. मधल्या वारीही नव्हती.

हर्षाली : जाळीचाही भाग असेलच.

भामरे : मॅडम, तुम्हीच शिकवलंत. एक गोष्ट बदलली आणि बाकी सगळं तेच राहिलं, की कारण त्या एका गोष्टीत शोधायचं. द्या इकडे तो अहवाल.

हर्षाली : काय लिहिताय?

भामरे : ‘फरक : अधिक तेवीस. कारण : ग्रंथपाल जागेवर नसणे.’

हर्षाली : सर, असं नका लिहू.

भामरे : शुद्धलेखन चुकलंय?

हर्षाली : परीक्षक काय म्हणतील ते सोडा, पण हा कागद तुमच्या समितीकडेही जातो. ग्रंथपाल नसला की वाचनालय जास्त चांगलं चालतं, असं तुम्ही स्वतःच्या अक्षरात लिहून देताय.

अण्णा : आन् समितीत दोघं असे हायेत, की त्यांना एवढंच पुरे. म्हणतील, मंग ठेवायचा कशाला? भामरे, खोडा ते. ‘वाचकांमध्ये जागृती’ लिहा. जागृती कुणालाच मोजता येत नाय.

भामरे : जागृती मला दिसली नाही. मी नसणं दिसलं. एकोणीस वर्षं मी लोकांना सांगतोय, की पान फाटलं असेल तर फाटलं म्हणा. आता मी काय लिहू? जागृती?

हर्षाली : मग पूर्ण लिहा. कारणापुढे ‘उपाय’ असा रकाना आहे.

भामरे : उपाय काय? मी राजीनामा देणं?

हर्षाली : ते तुम्ही ठरवा. मी शिकवते, उत्तरं सांगत नाही. पण अहवाल मी आहे तसाच पुढे पाठवणार, आणि वर माझा शेरा लिहिणार, की वर्गात एवढा एकच अहवाल कुणाचं बघून लिहिलेला नाही.

अण्णा : ताई, समितीत मी बी बोलंन. माझं कोणी ऐकत नाय, पण मी लय वेळ बोलतो.

भामरे : उपाय मी उद्या लिहिला तर चालेल?

हर्षाली : चालेल. शुक्रवारी वर्गात आणा.

भामरे : बरं. अण्णा, उठा. चौकात चहा घेऊन येऊ. मॅडम, तुम्हीही चला.

अण्णा : आत्ता? वाचनालय उघडं टाकून? कुसाबाई बी नाय आज.

भामरे : उघडंच राहू दे. चला. आणि बाहेर पडताना फळ्याकडे बघू नका.

हर्षाली : का? काय आहे तिथे?

भामरे : हळू बोला. निळा शर्ट. तुम्ही आलात तेव्हापासून उभा आहे. दोन बसेस गेल्या, एकीतही चढला नाही. हातात पिशवी आहे, आणि भाजीची पिशवी कुणी अशी छातीशी धरत नाही.

अण्णा : फळ्याशीच उभा हाय व्हय? मंग मी जाता जाता फडकं मारून फळा पुसू का?

भामरे : आत्ता नको. त्याला वाटेल, आपण त्याला बघितलं. आल्यावर पुसू.

अण्णा : कोण हाय पण? तुमाला तर सगळी वसाहत तोंडपाठ. नाव काय त्याचं?

भामरे : नाही ओळखू येत. चष्मा नाही ना डोळ्यावर.

अण्णा : अहो, आत्ता तर होता. हा काय, खिशात हाय तुमच्या.

भामरे : राहू दे खिशात.